टाकं नसलेला गड

रेडिंगला राहायला आलं की इथल्या डोंगरांशी पहिली ओळख स्वयंपाकघरात होते. चहाची किटली बघता बघता आतून पांढरी पडते. व्हिनेगर घालून उकळा, घासा, पुन्हा तेच. नळाचं पाणी चांगलंच जड, कारण या भागातलं बरंच पाणी खडूच्या खडकातून झिरपून आलेलं असतं. तोच खडक शहराच्या वायव्येला बर्कशर डाउन्सच्या लांबलचक, बुटक्या टेकड्या होऊन पसरला आहे. तिथे सायकल न्यायला लागल्यापासून माझा शनिवार पावसावर ठरतो. आज पडणारा पाऊस अंगावर घेता येतो. बघायचं असतं ते गेल्या आठवड्यात किती पडला, हे.

मे महिन्यात आठवडाभर कोरडा गेला तसा मी आणि माझा एक कोल्हापूरचा मित्र सकाळच्या गाडीने सायकली घेऊन न्यूबरीला उतरलो. दोघांच्याही ग्रॅव्हल बाईक. दिसायला रोड बाईकसारख्या, खाली वळलेल्या हँडलच्या, पण टायर ४५ मिलिमीटर रुंद आणि आत ट्यूब नाही. ट्यूबऐवजी पातळ सीलंट असतं, बारीक भोक पडलं की तेच बुजवतं. बेत असा, की लँबोर्न नदीच्या काठाकाठाने वर जायचं, टेकड्यांच्या माथ्यावरचा रिजवे हा जुना मार्ग गाठायचा, टेकडीच्या उतारावर काढलेला पांढरा घोडा बघायचा आणि माथ्यावरूनच पूर्वेला येऊन थेम्सकाठी उतरायचं. सगळं मिळून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. आकडा फार नाही, पण कच्च्या वाटेवरचे किलोमीटर डांबरावरच्या दीडपट धरावेत.

नदीकाठची पायवाट फक्त चालणाऱ्यांची, म्हणून आम्ही शेजारच्या अरुंद गाडीरस्त्यांनी निघालो. बॉक्सफर्डच्या पुलावर मात्र थांबलोच. लँबोर्नच्या पाण्याला जवळजवळ रंगच नाही. तळातले चकमकीचे दगड एकेक मोजून घ्यावेत असे दिसतात, मध्येच हिरव्या पाणवनस्पतीच्या लांब बटा प्रवाहात हलत असतात आणि त्यांची बारीक पांढरी फुलं पाण्याच्या वर डोकी काढून असतात. पूर नाही, गढूळपणा नाही, खळखळाटही बेताचाच. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर वाढलेल्या माणसाला ही नदी संशयास्पद वाटते. आपल्याकडे घाटमाथ्यावर दुपारी पाऊस कोसळला की संध्याकाळी ओढा लाल होऊन गर्जायला लागतो. इथे पाऊस आधी टेकडी पिते. खडूच्या बारीक फटींतून पाणी खाली जातं, महिनोन्‌महिने आतच राहतं आणि मग खालून वर येऊन नदी होतं. त्यातही उन्हाळ्यातला पाऊस बहुतेक झाडंझुडपं आणि ऊनच संपवून टाकतात. नदीच्या कामी येतो तो हिवाळ्यातला.

म्हणूनच ग्रेट शेफर्ड गावाच्या वर ही नदी दर वर्षी शरदात बहुधा आटते आणि हिवाळा सरताना, भूजल वर चढलं की, पुन्हा वाहू लागते. २०१३-१४च्या हिवाळ्यात भूजल इतकं चढलं की या खोऱ्यातल्या गावांत खालून पूर आला. अशा पुराला बांध घालून भागत नाही. आम्ही गेलो तेव्हा ईस्ट गार्स्टनला नदी घरांच्या दारासमोरून वाहत होती आणि घरोघरी जायला छोटे छोटे पूल होते. मित्र म्हणाला, “एकेका घराला एकेक पूल! आमच्याकडं एका पुलासाठी तीन निवडणुका जात्यात.”

लँबोर्न गाव शर्यतीच्या घोड्यांचं. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटच्या खालोखाल घोडे तयार करण्याचं केंद्र हेच. गावाबाहेरच्या टेकड्यांवर गवताच्या लांबच लांब धावपट्ट्या आहेत, आणि खडूवर पाणी साचत नसल्यामुळे त्या पावसाळी दिवसांतही भुसभुशीत होत नाहीत. सकाळी घोड्यांची रांग समोर आली की सायकलवाल्याने काय करायचं ते पक्कं ठरलेलं आहे: लांबूनच आवाज द्यायचा, वेग मारायचा, गरज पडली तर उतरून उभं राहायचं. घोड्याला माणूस कळतो, पण मागून मुकाट्याने सरकत येणारी सायकल कळत नाही. ही नुसती सभ्यता नाही. १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलस्वारांना ब्रिडलवेवर, म्हणजे घोडेवाटांवर, जायची मुभा दिली ती याच अटीवर, की चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. पायवाटेवर मात्र सायकलचा हक्क नाही. त्यामुळे इथे रूट आखणं म्हणजे निम्मी वकिली. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर हिरव्या तुटक रेषा असतात. आखूड तुकड्यांची पायवाट, लांब तुकड्यांची घोडेवाट. शेताच्या कडेला चढून ओलांडायची लाकडी पायरी दिसली तर समजावं, पायवाट. घोडेवाटेला फाटक असतं, कारण घोडा पायरी चढत नाही.

लँबोर्नच्या उत्तरेला सेव्हन बॅरोज नावाची कांस्ययुगीन थडगी लागतात. नावात सात, प्रत्यक्षात बरीच जास्त. तिथून चढ सुरू होतो. चढ घाटासारखा नाही, पण संपतही नाही. वर पोचलं की एकदम रिजवे, पांढरा आणि रुंद, दोन्ही बाजूंना फुललेल्या हॉथॉर्नचं कुंपण आणि डोक्यावर चंडोल.

खडूवर सायकल चालवणं म्हणजे दोन वेगळ्या ऋतूंत दोन वेगळे खेळ. ओला खडू साबणासारखा. वर नुसता पातळ थर ओला असतो, खाली दगड टणक, आणि त्या थरावरून पुढचं चाक कधी निसटलं ते पडल्यावरच कळतं. शिवाय तो चिखल टायरच्या आणि फ्रेमच्या मधल्या जागेत बसतो आणि चाक फिरेनासं होतं. कोरड्यात हीच वाट वेगवान. फक्त हिवाळ्यात ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या तशाच वाळून कडक झालेल्या असतात. एका चाकोरीत शिरलं की मध्येच बाहेर यायचा हट्ट करायचा नाही. नजर लांब ठेवायची, हात सैल सोडायचे, जड गिअरवर सावकाश पॅडल मारत राहायचं.

उफिंग्टनचा पांढरा घोडा जवळून दिसतच नाही. टेकडीच्या उतारावर चर खणून त्यात खडू ठासलेला, लांबी सुमारे ११० मीटर, वय साधारण ३००० वर्षं. माथ्यावरून पाहिलं तर पांढरे पट्टे तेवढे कळतात, एखाद्याला वाटावं नगरपालिकेचं काम अर्धवट राहिलंय. नीट बघायचा तर खालच्या खोऱ्यातून किंवा आकाशातून. दुसऱ्या महायुद्धात म्हणूनच तो झाकून टाकला होता, शत्रूच्या वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून. गवत सतत त्याच्यावर चढत असतं. वेळोवेळी स्वयंसेवक जमून हातोड्यांनी नवा खडू कुटून बसवतात, म्हणून तो टिकला.

घोड्याच्या वरच्या अंगाला, २६१ मीटरवर, लोहयुगातला गड आहे. मातीचा तट आणि खंदक, आत मोकळं गवत. मित्राने सायकल तटाला टेकवली, आत एक चक्कर मारली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “भावा, गड म्हणतोस आन् पाण्याचं टाकं कुठाय?”

प्रश्न बिनतोड होता. राजगड घ्या, हरिश्चंद्रगड घ्या, वर पोचलं की आपण आधी टाकं शोधतो. बसाल्टमध्ये खोदलेलं टाकं पाणी धरून ठेवतं, म्हणून तर गडावर शिबंदी राहू शकली. खडूत टाकं खोदलं तर पाणी खाली निघून जाईल. पुढे मेंढपाळांनी अशा टेकड्यांवर तळाला चिकणमाती कुटून तळी केली, तेवढीच काय ती वरची सोय. बाकी सगळं पाणी पायथ्याशी, जिथे झिरपलेल्या पाण्याला चिकणमातीचा थर आडवा येतो आणि झरे फुटतात. लेटकम, वाँटेज अशी गावं त्या झऱ्यांच्या ओळीत पायथ्याला वसलेली. माथ्यावर गाव नाही. आणि माथा कोरडा राहतो म्हणूनच हजारो वर्षं माणसं, मेंढरं, गुरं याच वाटेने गेली.

दोन्ही खडकांची काळाची गाठ मात्र पडते. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांची कवचं तळाशी साचत साचत हा खडू झाला. तो सगळा काळ संपत आला तेव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे दख्खनचा लाव्हा बाहेर पडत होता. मी हे सांगितल्यावर मित्र म्हणाला, “म्हंजे आमचा दगड वयानं ल्हान, पण पाण्याला हुशार.”

वेलंड्स स्मिथीचं नवाश्मयुगीन थडगं बघून आम्ही पूर्वेला वळलो. तिथली दंतकथा अशी, की घोडा आणि एक नाणं ठेवून जावं, सकाळपर्यंत अदृश्य लोहार नाल ठोकून ठेवतो. पुढे स्पार्शोल्टच्या वर, हिल बार्नजवळ, वाटेच्या कडेला एक नळ आहे. लहान वयात गेलेल्या एका मुलाच्या आठवणीसाठी बसवलेला. या माथ्यावर पाणपोई म्हणावी ती हीच. बाटल्या भरल्या, डोक्यावर पाणी घेतलं. घामाचा आणि खडूच्या धुळीचा गालावर चक्क लेप झाला होता.

त्यानंतरचा पट्टा मला मनापासून आवडतो, असं म्हणवत नाही. तो लांब आहे, उघडा आहे, आणि वारा समोरून असला तर कंटाळवाणा आहे. डावीकडे खाली हार्वेलची विज्ञानसंस्था, डायमंड सिंक्रोट्रॉनची चकचकीत गोल इमारत. डिडकॉट वीजकेंद्राचे शीतक मनोरे पूर्वी इथून कुठूनही दिसायचे, २०१४ आणि २०१९मध्ये ते पाडले. घारी मात्र सोबतीला असतात. शेजारच्या चिल्टर्न टेकड्यांत १९८९पासून स्पेनहून आणून सोडलेल्या लाल घारींची ही वाढलेली प्रजा.

ए-३४ महामार्गाखालच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर माझ्या मागच्या चाकाने फुस्स केलं. चकमकीची धारदार कपची. टायर सोलून निघावा अशी चीर होती, सीलंट फवाऱ्यासारखं उडत होतं. रबराची वात टोच्याने आत ढकलली, चाक फिरवलं, थांबलं एकदाचं. मित्र तोवर गवतावर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होता आणि त्याने माझ्यासाठी ठेवला तो अर्धाच.

स्ट्रीटलीचा उतार डांबरी, ब्रेक तापवणारा. खाली थेम्स. हिमयुगात या नदीने खडूची रांग कापून जी खिंड पाडली, तीतून नंतर अभियंता ब्रुनेलने १८४०मध्ये रेल्वे काढली. रिजवे नदी ओलांडून गोरिंगला जातो आणि आयव्हिंगहो बीकनपर्यंत पुढे चालत राहतो, पण तिकडे त्याचा बराचसा भाग पायवाट आहे, सायकलला मज्जाव. त्यामुळे आमचा प्रवास गोरिंगच्या फलाटावरच संपला. गाडीला पंचवीस मिनिटं होती. मित्राने नकाशा उलगडला आणि चिल्टर्नच्या बीचच्या जंगलातल्या लांब तुकड्यांच्या रेषा बोटाने जोडायला घेतल्या. त्या ऑक्टोबरच्या आत करायच्या, झाडांखालचा चिखल एकदा झाला की वाळत नाही, एवढं ठरेपर्यंत गाडी आली.