पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि कुपीतलं औषध



बिस्किटाचा पुडा घेतला की आपण आधी तो उलटा करून बघतो. हिरवा ठिपका आहे का, जिलेटिन तर नाही ना, अंडं तर नाही ना. टूथपेस्टसुद्धा आपण वाचून घेतो. लिपस्टिक घेताना आमची नवी पिढी तर मोबाइलवर शोधून बघते. पण चेहऱ्यात सुईने जे औषध जातं, त्याच्या कुपीवर काय लिहिलंय हे विचारणारी बाई मला अजून भेटली नाही. आणि सुया घेणाऱ्या आता फक्त मुंबईच्या राहिलेल्या नाहीत. माझं माहेर शिरूर, सासर दौंड. दोन्हीकडे लग्नसराई आली की कुणीतरी "पुण्याला जरा काम आहे" म्हणून जाऊन येतं आणि कपाळ गुळगुळीत होऊन येतं. स्थानकात सगळ्यांना कळतं, बोलत कुणी नाही.

मी डॉक्टर नाही. शिरूरच्या बोरा कॉलेजची बी.कॉम. आहे, त्यामुळे जमा-खर्च मांडल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट समजत नाही. या विषयाचाही तसाच हिशोब मांडते.

आधी बोटॉक्स. बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं हे विष आहे, पण फार म्हणजे फारच थोड्या मात्रेत. नस स्नायूला "आवळ" असा निरोप देते, तो निरोप हे औषध अडवतं. स्नायू सैल पडला की त्याच्यावरची सुरकुती उलगडते. फरक दिसायला तीन दिवसांपासून दोन आठवडे लागतात, आणि तीन-चार महिन्यांत सगळं पुन्हा होतं तसं. हे औषध आलं ते सौंदर्यासाठी नव्हे. तिरळे डोळे आणि पापण्या आपोआप आवळल्या जाण्याचा आजार, यांसाठी अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यांच्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्या गेलेल्या दिसल्या, आणि तिथून पुढचा सगळा व्यापार. आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची.

दुसरं फिलर. नावाप्रमाणे ते भरतं. गाल बसले, ओठ पातळ झाले, की त्वचेखाली जेलीसारखा पदार्थ टोचतात. बहुतेक फिलर हायल्युरोनिक अॅसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. जागा आणि प्रकार बघून सहा महिने ते दीड वर्ष टिकतो.

तिसरी शस्त्रक्रिया. पापणीची, नाकाची, पोटाची सैल कातडी काढण्याची, चरबी शोषून घेण्याची. लायपोसक्शन म्हणजे वजन कमी करणं नव्हे, हे मुद्दाम सांगते. ते एका जागची चरबी काढतं. खाण्यापिण्याची सवय तीच राहिली तर वजन पुन्हा वाढतंच.

आता कॉमर्सवाल्या बाईचा हिशोब. पापणीची शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च, एकदा केला की वर्षानुवर्षं पुरतो. बोटॉक्स हा चालू खर्च, दुकानाच्या भाड्यासारखा. चार महिन्यांनी एकदा म्हटलं तरी वर्षाला तीन वेळा, दहा वर्षांत तीस वेळा. पहिल्या वेळेची किंमत सगळ्या विचारतात. तिसाव्या वेळेची कुणी विचारत नाही.

आता हिरव्या ठिपक्याकडे येते. बोटॉक्स या मूळ ब्रँडच्या कुपीत मानवी रक्तातून काढलेलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. औषधाची ताकद तपासायला वर्षानुवर्षं उंदीर मारले जात. २०११ मध्ये त्या कंपनीला अमेरिकेत उंदरांऐवजी पेशींवर चाचणी करायची परवानगी मिळाली. दुसऱ्या कंपन्यांची पद्धत निराळी असू शकते, म्हणून विचारायचं. फिलरमध्ये जुना प्रकार कोलॅजेनचा, तो गायीच्या कातडीतून काढत, काही डुकरापासूनचेही होते. हायल्युरोनिक अॅसिड आधी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे. आता बहुतेक जिवाणूंकडून तयार करून घेतात. जिवाणूंच्या बाबतीत आपल्या नियमात काय बसतं, ते प्रत्येकीने आपल्या महासतीजींना विचारावं. मी त्यावर निर्णय देणारी कोण? पण कोंबड्याचा तुरा आणि गायीची कातडी यांच्याबद्दल विचारायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. डॉक्टरांना म्हणावं, "कुपी दाखवा, नाव लिहून द्या, कशापासून बनलंय ते सांगा." चांगला डॉक्टर रागावत नाही.

हे विचारणं केवळ धर्मासाठी नाही, जिवासाठीही आहे. माझ्या भाचीचं सांगते. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे.

लग्नाला तीन आठवडे होते. एका पार्लरमध्ये तिने ओठांना फिलर करून घेतलं. टोचणारी बाई डॉक्टर नव्हती, कसलासा छोटा कोर्स केलेली होती. दुपारी टोचलं, संध्याकाळी वरच्या ओठाची एक बाजू पांढरी पडली आणि ठणकायला लागली. घरात सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे मुलगी बर्फ लावून खोलीत बसून राहिली. पार्लरवाली म्हणाली, "सूज आहे, उतरेल." रात्री नऊला भाचीचा मला फोन आला, "आत्या, ओठाला जाळी जाळी दिसतेय." मी म्हटलं, आधी पप्पांना उठव. ती म्हणाली, "ओरडतील." मी म्हटलं, ओरडू देत. मीच भावाला फोन केला. ते शिरूरहून गाडीने निघाले, मी दौंडहून मिळेल त्या गाडीने पुण्याला पोचले.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "काय टोचलंय?" कुणाला माहीत नव्हतं. ना खोका, ना बिल, ना नाव. पार्लरवालीचा फोन बंद. डॉक्टरांनी समजावलं की फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला, तर त्या भागाचं रक्त बंद होतं. त्वचा आधी पांढरी पडते, मग निळसर जाळी दिसते, आणि वेळ गेला तर तिथलं मांस मरतं. नाक आणि भुवयांच्या मधल्या भागात असं झालं तर डोळासुद्धा जाऊ शकतो. हायल्युरोनिक अॅसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं औषध असतं, ते लवकरात लवकर द्यावं लागतं. फिलर दुसऱ्या कशाचं असेल तर ते विरघळत नाही. डॉक्टरांनी अंदाजाने ते दिलं, आमच्या नशिबाने लागू पडलं. रात्रभरात तीनदा टोचलं. ओठ वाचला. कोपऱ्यात बारीक डाग आहे, लग्नाच्या फोटोत दिसतोही.

आणि एक गोष्ट. ते विरघळवणारं औषध बरेचदा मेंढ्याच्या किंवा बैलाच्या अवयवापासून बनवतात. त्या रात्री आमच्यापैकी कुणी ते विचारलं नाही, आणि विचारायची ती वेळही नव्हती. पच्चक्खाणातही आगार असतात, ते अशाच वेळेसाठी. पण ही वेळ आपण होऊन ओढवून घेण्याची काय गरज होती, हा प्रश्न राहतोच. वहिनी मुलीला एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी तुला चांगल्या डॉक्टरकडे नेलं असतं." त्या पोरीला रडू आलं ते तेव्हा.

मला वाटतं, आपला सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. आपण इतकं नाक मुरडतो की मुली लपवतात. लपवतात म्हणून विचारत नाहीत. विचारत नाहीत म्हणून फसतात.

नाक मुरडायला आपल्याकडे आधार भरपूर आहेत, हे कबूल. सनत्कुमार चक्रवर्तींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. रूपाचा गर्व झाला आणि त्याच रूपात रोग भरलेले दिसले. दीक्षेनंतर त्यांच्या थुंकीत रोग बरा करण्याची लब्धी होती, तरी त्यांनी ती स्वतःसाठी वापरली नाही. मल्लीकुमारींनी आपली सोन्याची पोकळ मूर्ती करून तिच्यात रोज अन्नाचा घास टाकला, आणि लग्नाला आलेल्या सहा राजांसमोर झाकण उघडून देहाच्या आत काय असतं ते दाखवलं. अशुचि भावना आपण रोज भावतो. पण या कथा आपण आरशात बघताना आठवायच्या आहेत, दुसरीकडे बोट दाखवताना नव्हे. आणि ज्या धर्माने अशुचि भावना सांगितली, त्यानेच औषधदानही सांगितलं.

ते दान आपल्या लोकांनी केलेलंही आहे. डॉ. शरदकुमार दीक्षित हे मूळचे पंढरपूरचे, अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत, त्यात घशाचा कॅन्सर झालेला, तरी दरवर्षी भारतात येऊन फुकट शस्त्रक्रिया करायचे. फाटलेले ओठ, लोंबणाऱ्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. आपल्या भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरं भरवली. २०११ मध्ये ते गेले. एका माणसाने हजारो चेहरे दुरुस्त केले. फाटलेल्या ओठामुळे शाळा सोडलेल्या मुलीला तिचं हसू परत मिळालं, तर तिला देहाची आसक्ती आहे असं कोण म्हणेल?

ही विद्या आपल्याला परकी नाही. सुश्रुतांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या पुण्याची गोष्ट कमी जणींना माहीत आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीट-कुंभारकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा साचा नाकावर बसवला, तो कपाळावर पसरून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवली. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते छापून आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून शिकून १८१४ मध्ये पहिलं नाक केलं. त्या कुंभाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

मग रेघ कुठे आखायची? गंमत म्हणजे सरकारने ती आखली आहे. डॉक्टरी सेवेवर जीएसटी नाही, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर आणि केसरोपणावर आहे. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात यामुळे बिघडलेलं नीट करायचं असेल तर पुन्हा माफ. मेडिक्लेमचंही साधारण तसंच: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती, किंवा आरोग्यासाठी गरजेची असेल, तर मिळतं. नाहीतर नाही.

माझ्या पापण्या या रेघेवरच बसल्या होत्या. वयाने वरची कातडी इतकी खाली आली की सामायिकात पुस्तक वाचताना मी भुवया वर ताणून धरायची. संध्याकाळी कपाळ दुखायचं. नजरेचा घेर मोजणारी तपासणी झाली, त्यात वरचा भाग झाकला जातो असं कागदावर आलं. तो कागद लावून मेडिक्लेमशी दोन महिने पत्रव्यवहार केला आणि क्लेम पास करून घेतला. जागा बधिर करून पापणीच्या घडीतून कातडी काढली, आठवड्याने टाके निघाले. माझा चौविहार आहे हे डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं, त्यांनी गोळ्यांच्या वेळा सूर्यास्ताच्या आत बसवून दिल्या. स्थानकात कुजबूज झाली, "या वयात डोळे करून घेतले." मी म्हटलं, हो, करून घेतले, आणि कुठे केले, किती लागले, तेही सांगते. दुसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या, पत्ता घ्यायला.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. जायचं असेल तर त्वचारोगाचे एम.डी. किंवा प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. डॉक्टर बघा, त्यांची मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघा. पार्लरमध्ये सुई घेऊ नका. फिलर असेल तर विरघळवणारं औषध तिथे तयार आहे का, हे आधी विचारा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सांगा. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर थांबा. गोरं करण्याच्या इंजेक्शनांच्या नादी लागूच नका. कुपीचं नाव आणि बॅच नंबर बिलावर लिहून घ्या. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून जा.

ज्यांना जायचं नाही, त्यांना माझ्याकडून काहीच सांगणं नाही. सुरकुत्या काही कर्ज नव्हे, फेडायलाच हव्यात असं नाही. फक्त आपल्या सुना-लेकींनी विचारलं तर ओरडू नका. त्यांच्याबरोबर जा आणि बिस्किटाचा पुडा वाचता तशी कुपी वाचा.