तुमच्या पणजीचं नाव काय?

खरं सांगा, येतं का सांगता? आजोबांच्या आईचं नाव. आडनाव नको, ते आपलंच आहे. ‘पणजी’, ‘मोठी आई’, ‘गावची आजी’ हेही नको. तिला हाक मारायचं नाव.

मला सांगता आलं नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या सातवीतल्या लेकीला शाळेत ‘फॅमिली ट्री’ करायला सांगितला होता. आम्ही नोएडात राहतो. नवऱ्याचं घराणं दिल्लीत येऊन आता नव्वद वर्षं होत आली. आजेसासरे १९३६ साली सरकारी नोकरीसाठी इथे आले आणि करोल बागेत बिऱ्हाड थाटलं. तिथपर्यंतची नावं भराभर लिहून झाली. त्याच्या वर एक चौकोन आला आणि लेक थांबली.

“आजी, पणजोबांच्या आईचं नाव?”

सासूबाई विचारात पडल्या. “आम्ही आपलं ‘वाईच्या आजी’ म्हणायचो गं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पोर लहान असतानाच त्या गेल्या म्हणतात. काकांनी वाढवलं, काकांनीच शिकवलं.”

सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झालीत. विचारायला दुसरं कोणी घरात नव्हतं. लेकीनं त्या चौकोनात फुली मारली आणि प्रोजेक्ट शाळेत दिला. मार्कही चांगले मिळाले. मला मात्र ती फुली सलत राहिली.

ऑफिसच्या एका कॉलवर सहज हा विषय निघाला. माझी अमेरिकेतली सहकारी आयरिश वंशाची. तिच्या घरचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आयर्लंड सोडून गेलेले. ती म्हणाली, आमची अडचण तर याहून मोठी होती. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’मधलं सरकारी दप्तरखाना जळून गेला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्या आगीत संपले. त्यानंतरच्या चार जनगणना तर सरकारनं त्याआधीच नष्ट केल्या होत्या. मग लोक शोधतात कसं? १९०१ आणि १९११ च्या जनगणना शिल्लक आहेत, त्या फुकट ऑनलाइन पाहता येतात. त्याच्या मागे जायचं तर जमिनीचा कर ठरवण्यासाठी १८४७ ते १८६४ या काळात केलेली पाहणी आहे, तिच्यात घर-जमीन कसणाऱ्यांची नावं आहेत. “माझे पूर्वज मला कराच्या यादीत सापडले,” ती हसून म्हणाली.

जमिनीचा कर! आपल्याकडेही सातबारा आहेच की. पण सातबारा शोधायचा तर गाव माहीत हवं. सगळे ‘वाई, वाई’ म्हणायचे, पण वाईत आमची काहीच खूण सापडेना.

आधी मी जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार गाठलं. १८९१ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेलं हे दप्तर पुढे दिल्लीत आलं. ल्युटेन्सनं आराखडा केलेली इमारत १९२६ ची आहे. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्याही शोधता येतं. मी पुष्कळ शोधलं. साहेबांच्या नेमणुका, रजा, पत्रव्यवहार, सगळं होतं. आमच्या कारकून आजेसासऱ्यांचं नाव काही दिसलं नाही.

वाट दाखवली ती सासूबाईंनी. “१९७१ ला मामंजींच्या अस्थी घेऊन हे हरिद्वारला गेले होते. तिथे पंड्याच्या वहीत नावं लिहिली होती म्हणे.”

नोएडाहून हरिद्वार चार-पाच तासांवर. एका शनिवारी आम्ही तिघी निघालो. तिथे पंडे मुलूख आणि गाव पाहून वाटलेले असतात. ‘सातारा जिल्हा’ म्हटल्यावर विचारत विचारत योग्य माणसापर्यंत पोचलो. लाल कापडात बांधलेली लांबलचक वही त्यांनी उलगडली. तासाभरानं पान सापडलं. सासऱ्यांची सही! सत्तावीस वर्षांच्या तरुण मुलाचं ते अक्षर पाहून सासूबाईंनी त्यावर नुसता हात ठेवला. वर चार पिढ्यांच्या पुरुषांची नावं. आणि मूळ गाव! वाई नव्हेच, वाई तालुक्यातलं एक लहानसं खेडं. बायकांची नावं मात्र तिथेही नव्हती.

आता गाव होतं. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. काही कागद तिथे मिळाले, जुन्यांसाठी चुलतदिरांना खेपा घालाव्या लागल्या. एका कार्यालयात “ती वही वाळवीनं खाल्ली” म्हणून त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला तीच वही धडधाकट निघाली. नक्कल हातात आली ती मोडीत. पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या काकांकडे पाठवली.

जुन्या कागदांत माणसं कशी लिहितात, ते मला तेव्हा कळलं. ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ म्हणजे बायको. अमुक बिन तमुक, अमकी कोम तमका. फेरफार १९१९ चा होता. आदल्या वर्षीच्या मानमोडीच्या साथीत, म्हणजे इन्फ्लुएंझात, खातेदार मयत. वारस म्हणून सात वर्षांचा मुलगा, आमचे आजेसासरे. नावापुढे लिहिलं होतं: ‘अज्ञान, पालनकर्ती आई’. आणि त्यापुढे तिचं नाव. कोम अमुक.

म्हणजे ती लवकर गेली नव्हती. उलट नवरा गेल्यावर मागे तीच उरली होती.

पुढचा फेरफार मे १९२६ चा. एक एकर बारा गुंठे जमीन गहाण. देणार: तीच, मुलाची पालनकर्ती म्हणून. गहाण कशासाठी, ते फेरफारात लिहीत नाहीत. पण आमच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. पुण्याच्या शाळेत प्रवेश: जून १९२६. शेवटची नोंद १९४१ ची: गहाण फिटलं. तेव्हा मुलगा दिल्लीत नोकरीला होता.

काकांनी काहीच केलं नसेल, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरात तीन पिढ्या जी गोष्ट सांगितली गेली, तिच्यातून ही बाई अलगद गळून पडली होती.

त्या रात्री डोंबिवलीला आतेसासूबाईंना फोन केला. वय सत्याऐंशी, आजेसासऱ्यांची मुलगी. मी नाव वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकूच येईना.

“आत्या?”

“परत एकदा वाच गं.”

मी वाचलं.

“ते माझं पाळण्यातलं नाव आहे,” त्या म्हणाल्या. “बाबांनीच हट्टानं ठेवलं, असं आई सांगायची. का, ते मी कधी विचारलंच नाही. लग्नात सासरी बदललं. आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही.”

ते नाव इथे लिहिलेलं नाही, याचं तुम्हाला नवल वाटेल. आत्यांनीच बजावलं, “मासिकात नको हं छापूस. आधी माझ्या नातीला सांगू दे. तिला बाळ व्हायचंय.”

तुम्हाला शोधायचं असेल तर एवढंच सांगते: सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. शाळेचे दाखले, खरेदीखतं, लग्नपत्रिका यांचे मोबाइलवर फोटो काढा. मूळ गाव पक्कं करा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, हरिद्वार, जिथे घरचे गेले असतील तिथल्या उपाध्यायांना विचारा. मग जमिनीच्या नोंदी, आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या. मोडीची भीती बाळगू नका. वाचणारी माणसं आहेत, शिकवणारे वर्गही आहेत.

पण या सगळ्याआधी आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला फोन लावा. नातेवाइकांमधल्या बायकांची नावं विचारा, माहेरची आणि सासरची, दोन्ही. कागद शंभर वर्षं थांबला. माणसं तेवढी थांबत नाहीत.