'ड' तुकडीचे सर

अकरा वर्षांचे असताना तुम्ही काय करत होतात? गल्लीत क्रिकेट, कॉमिक्स, फार तर एखादा स्कॉलरशिपचा क्लास. इंग्लंडमधली त्या वयाची मुलं एकेकाळी 'इलेव्हन-प्लस' नावाच्या परीक्षेला बसायची. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर तिथे मुलांची वाटणी व्हायची ती या एका परीक्षेवर. वर आलेली मुलं ग्रामर स्कूलमध्ये जायची. पुढे युनिव्हर्सिटी, टाय, पेन्शन, सगळं ओळीनं. उरलेली, म्हणजे साधारण चारातली तीन, 'सेकंडरी मॉडर्न' शाळेत. 'मॉडर्न' हे नाव कुणी ठेवलं देव जाणे! पोरगं त्या शाळेत गेलं म्हणजे काय झालं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळायचं.

आता मला सांगा, अशा शाळेवर कॉमेडी कशी करणार? 'ढ' मुलांना हसायचं, हा सगळ्यात सोपा उपाय. १९६८ साली लंडन वीकेंड टेलिव्हिजननं 'प्लीज सर!' सुरू केली तेव्हा तोही रस्ता मोकळाच होता. याच कंपनीची 'माईंड युअर लँग्वेज' (१९७७) आपल्याला चांगली माहीत आहे. तिच्यावरूनच आपल्याकडे पंकज कपूरची 'जबान संभाल के' आली. 'प्लीज सर!' मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हती. लंडनला असलेल्या एका मैत्रिणीनं डीव्हीडीचा संच आणून दिला. पन्नासहून जास्त भाग! म्हटलं, टाईमपास होईल.

गोष्ट अगदी साधी. बर्नार्ड हेजेस हा ट्रेनिंग कॉलेजमधून ताजा बाहेर पडलेला मास्तर. दक्षिण लंडनमधल्या फेन स्ट्रीट सेकंडरी मॉडर्न शाळेत तो पहिली नोकरी धरतो आणि '५ सी' नावाचा वर्ग त्याच्या गळ्यात पडतो. हेजेस म्हणजे कुंपणाची झुडपं. त्यातलं इंग्लंडात कॉमन झुडूप म्हणजे प्रिव्हेट. म्हणून पोरं त्याला 'प्रिव्हेट' म्हणतात. आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाला मेंदी असते ना, तशातला प्रकार. पुण्याच्या एखाद्या शाळेत त्याचे 'मेंदी सर' झाले असते.

हेजेसचं काम करणारा जॉन आल्डर्टन सुरुवातीला सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचे 'विद्यार्थी' बहुतेक विशीतले! मास्तरपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असलेली माणसं युनिफॉर्ममधल्या पोरांचा आव आणून बाकांवर बसलीत, हे लपत नाही. पहिले दोन भाग ते जाम खटकतं. पुढे मात्र मला तेच बरोबर वाटायला लागलं. ज्या पोरांवर अकराव्या वर्षीच शिक्का बसला, ती अशीच थोराड दिसणार की.

आणि स्टाफरूम! इथे सिरियल खरी पेटते. हेडमास्तर क्रॉमवेल सज्जन, पण शाळेत काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. शाळा खरी चालवतात त्या मिस यूएल, ज्यांच्या नुसत्या चालण्यानं व्हरांडा गप्प होतो. प्राईस हा वेल्श मास्तर मुलांना उघडउघड कंटाळलेला. म्हातारे स्मिथ गोड, थकलेले. केअरटेकर पॉटर, म्हणजे आपला शाळेचा शिपाई समजा, उठता-बसता महायुद्धात वाळवंटात लढलेल्या 'डेझर्ट रॅट्स'पैकी आपण एक होतो याची आठवण करून देतो आणि हेडमास्तरांपुढे लोणी लावतो. तुमच्या ऑफिसमधल्या एचआरपासून अ‍ॅडमिनपर्यंत सगळे यात सापडतील. मला तरी सापडले.

लेखक जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी यांनी केलेली गंमत अशी, की बहुतेक हशे स्टाफरूमवर आहेत, वर्गावर कमी. मुलं द्वाड आहेत, पण मूर्ख ठरतात ती बहुतेक वेळा मोठी माणसं. आईच्या पदराखाली वाढलेला आणि बाहेर गँगस्टर असल्याच्या बाता मारणारा फ्रँकी अ‍ॅबट हसवतो, पण तो का बाता मारतो हे आपल्याला कळलेलं असतं. डेनिस डन्स्टेबल तर वर्गातला सगळ्यात मंद आणि सगळ्यात निरागस मुलगा. घरी बापाचा मार. त्याला हसताना सिरियल स्वतःच जरा आवाज कमी करते, असं मला वाटलं. सगळं काही सोवळं नाही हं. शेरॉनच्या मिनीस्कर्टवरचे विनोद आज बघवत नाहीत. मी ते फॉरवर्ड केले.

हे सगळं मला एवढं का लागलं? कारण माझा दादा 'ड' तुकडीत होता.

आमच्या शाळेत वर्षाच्या मार्कांवरून तुकड्या पडायच्या. 'अ'ला सेमी-इंग्लिश, चांगले सर, ग्राउंडकडच्या खिडक्या. 'ड'चा वर्ग सायकल स्टँडच्या मागे, शेवटचे दोन तास बहुतेक ऑफ. अ, ब, क, ड. वर्णमालेत 'ड'च्या पुढचं अक्षर कुठलं ते शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं आणि ते कुणी मोठ्यानं म्हणायची गरज नसायची. दादा आठवीत 'ड'मध्ये गेला तो दहावीपर्यंत तिथेच. मी तीन वर्षांनी मागे, 'अ'मध्ये. एक बाई मला भर वर्गात म्हणाल्या होत्या, "तू त्याची बहीण? वाटत नाही!" वर्ग हसला. त्या हे माझं कौतुक म्हणूनच बोलल्या होत्या.

दादाचं पुढे छान झालं. आयटीआय केलं, आता सातपूरच्या एमआयडीसीत स्वतःचं लहानसं वर्कशॉप आहे. माझ्या फ्रीलान्सिंगपेक्षा त्याची कमाई केव्हाही जास्त. पण लग्नकार्यात कुणी काही विचारलं, की तो आजही आधी म्हणून टाकतो, "आम्ही काय बाबा, ड वाले." दुसऱ्यानं म्हणायच्या आत. सगळे हसतात. मला ते वाक्य सहन होत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या अप्रेझलला बेल कर्व्हच्या खालच्या टोकाचं रेटिंग मिळालंय, त्यांना हा विनोद ओळखीचा वाटेल. टीम लंचला तेही असंच काहीतरी बोलतात.

शिक्षकावरची गोष्ट म्हटली, की आपल्याला चमत्कार लागतो. १९६७च्या 'टू सर, विथ लव्ह'मध्ये सिडनी पॉइटिए येतो आणि बिघडलेला वर्ग सरळ करतो. आपल्याकडे विनोद खन्नानं 'इम्तिहान'मध्ये (१९७४) तेच केलं. 'प्लीज सर!' आली त्या सिनेमाच्या पाठोपाठ, पण हेजेसला असला काही चमत्कार जमत नाही. तो गोंधळतो, चिडतो, दर दुसऱ्या आठवड्याला स्टाफरूममध्ये तोंडावर पडतो. मुलं हुशार वगैरे होत नाहीत. होतं एवढंच, की पोरांवर काही बालंट आलं की तो त्यांच्या बाजूनं उभा राहतो आणि हळूहळू तीही त्याच्या बाजूनं उभी राहतात. त्याला त्रास द्यायचा हक्क फक्त '५ सी'चा! दुसऱ्या कुणी दिला तर बघा.

मला हे पॉइटिएच्या विजयापेक्षा जास्त खरं वाटतं. 'ड' तुकडीला जादूगार सर हवेच कशाला? तासाला वेळेवर येणारे आणि ऑफ तास न देणारे एक सर मिळाले असते, तरी दादाची तीन वर्षं वेगळी गेली असती.

तिकडची व्यवस्था नंतर बदलली. १९६५ सालीच सरकारनं जिल्ह्यांना सांगितलं होतं, की मुलांना वेगळं काढणं बंद करा आणि सगळ्यांसाठी एकच 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' शाळा करा. म्हणजे सिरियल सुरू झाली तेव्हा फेन स्ट्रीटसारख्या शाळांचे दिवस भरतच आले होते. तरी केंटसारख्या भागात अकराव्या वर्षाची ती चाळणी आजही आहे. सिरियल १९७२ला संपली. त्याच्या आधीच आल्डर्टन बाहेर पडला होता आणि '५ सी'ची पोरं शाळा सोडून 'द फेन स्ट्रीट गँग' (१९७१-७३) नावाच्या वेगळ्या सिरियलमध्ये मोठ्या माणसांच्या जगात धडपडायला लागली होती. नवा वर्ग आणला, पण लोकांचा जीव जुन्या वर्गावर.

गेल्या दिवाळीत मी तो संच नाशिकला नेला. दादाला ते लंडनचं फास्ट इंग्लिश कळेना, म्हणून पहिला भाग मी पॉज करून करून सांगितला. दुसऱ्या भागाला म्हणाला, "तू गप्प बस, कळतंय." डेनिसच्या सीनला तो हसला नाही, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. मध्येच त्यानं विचारलं, "हे सर शेवटपर्यंत टिकतात का गं?" म्हटलं, नाही, मध्येच जातात. "जाणारच," म्हणाला, आणि पुढचा भाग लाव म्हणून खूण केली.

संच तिथेच ठेवून आले. परवा फोनवर सांगत होता, संध्याकाळी वर्कशॉपमधली दोन पोरंही येऊन बसतात. इंग्लिश त्यांनाही कळत नाही. पण पॉटर आला की म्हणे तिघं रिवाइंड करतात. आमच्या शाळेच्या शिपायाची छाती काढून चालायची स्टाईल, दादाच्या मते, डिट्टो.