तांब्याचा तुकडा आणि बरोबर उत्तर

धातूची विशिष्ट उष्माधारकता मोजताना आपण फक्त धातूच मोजत असतो, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्या उत्तरात भांडे, ढवळणी, झाकण, इतकेच काय, प्रयोगशाळेचे गावही वाटेकरी असते.

भोर-वेल्ह्याकडच्या शाळांतून हा प्रयोग आम्ही अनेकदा पाहिला आहे. तांब्याचा तुकडा उकळत्या पाण्यात तापवायचा, दोऱ्याने उचलून कॅलरीमापीतल्या गार पाण्यात सोडायचा आणि पारा किती चढला ते वाचायचे. पुस्तकातला आकडा ०.३८५ (ज्यूल, दर ग्रॅमला, दर अंशाला). पुष्कळ वह्यांत उत्तर त्याच्या आसपास येते आणि सारे संतुष्ट होतात. आम्हांस चिंता वाटते ती या संतोषाचीच.

थोडा हिशेब करून पाहावा. तुकडा १०० ग्रॅमचा, पाणी १०० ग्रॅम व २७ अंशांचे, तांब्याचे भांडे ५० ग्रॅमचे. भोर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तेथे पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. (तोरण्याच्या माथ्यावर तर ९५ च्या!) सूत्रात सवयीने १०० लिहिले की उत्तर तीन टक्के घटते. भांड्याने घेतलेली उष्णता विसरली की आणखी चार टक्के. उलट तुकड्याला चिकटून एकच ग्रॅम उकळते पाणी आले, तर उत्तर अकरा टक्के फुगते. कारण पाणी तांब्याच्या जवळजवळ अकरापट उष्णता धरते. तिन्ही चुका मिळून उत्तर येते ०.३९६. वाटेत थोडी उष्णता हवेत गेली, की थेट पुस्तकातला आकडा!

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिक्टर रेन्यो याने रचलेले उपकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यात तुकडा वाफेने वेढलेल्या पोकळीत कोरडाच तापे. शेजारी तापमापी असल्याने १०० गृहीत धरण्याचे कारणच नसे. तळ उघडताच तुकडा कॅलरीमापीत पडे, आणि मधला पडदा तापकाची धग अडवी. एकेका चुकीसाठी एकेक भाग!

आमच्या शाळांना ते उपकरण नको. तुकडा व तापमापी कोरड्या परीक्षानळीत ठेवून ती नळी उकळत्या पाण्यात धरली, तरी पुष्कळ साधते. मग भांड्याचा वाटा भांड्याच्या पदरात घालून उत्तर ०.३७ आले, तर तेच आम्हांस चुकांच्या संगनमताने आलेल्या ०.३८५ पेक्षा मोलाचे वाटते. उरलेली उष्णता कुठे गळाली, हे त्याला निदान विचारता तरी येते.