ऐच्छिक विषय

‘ऐच्छिक’ हा शब्द दिसण्यांत मोठा गोड. परंतु इच्छा नेमकी कोणाची, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. श्रीगोंद्याहून आम्ही राज्यशास्त्राच्या एम्. ए. साठीं पुण्यास गेलों आणि ऐच्छिक विषयांची यादी हातीं पडतांच हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. त्यांतील दोनच विषय घ्यावयाचे होते. मित्रांचें मत असें कीं, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा ५०० गुणांचा विषय आहे. त्याशीं जुळेल तेंच घ्यावें. सल्ला खोटा नव्हता. घरीं शेतीवांचून उत्पन्न नाहीं. नोकरी लवकर लागणें अगत्याचें होतें. वडिलांनीं मात्र यादी ऐकून एवढेंच विचारिलें, “ह्यातलं आपल्या गावच्या कामाचं कोणतं?”

आमचें शेत कुकडीच्या कालव्याच्या शेवटास. उन्हाळ्यांत आवर्तन सुटलें तरी पाणी आमच्या चारीपर्यंत पोंचेलच असें नाहीं. वरच्यांचें व खालच्यांचें हें भांडण आम्ही लहानपणापासून पाहत आलों. परंतु हेंही राज्यशास्त्रच, असें कोणीं सांगितलें नव्हतें. घोड नदी भीमेस मिळते, भीमा कृष्णेस. आणि कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांच्यांत तंटा होऊन १९६९ सालीं न्यायाधिकरण नेमावें लागलें. म्हणून पहिला विषय आम्हीं ‘भारतीय संघराज्य’ हा घेतला.

दुसरा मुद्दाम दूरचा निवडिला: आफ्रिकेचें राजकारण. परीक्षेस तो फारसा कामीं येणार नाहीं, हें ठाऊक होतें. धीर दिला तो डॉ. आंबेडकरांच्या उदाहरणानें. कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, मानववंशशास्त्राचे अवघे ४. तथापि जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध १९१६ सालीं वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्याच परिसंवादांत. आम्हांसही दूरच्या विषयानें असेंच कांहीं दिलें. इथिओपियानें २०११ सालीं नाईलच्या एका मोठ्या उपनदीवर धरण बांधावयास घेतलें. तेव्हांपासूनची खालच्या इजिप्तची काळजी वाचतांना आम्हांस आमच्याच चारीवरचे शेतकरी दिसूं लागले.

विद्यार्थिमित्रहो, दहावीनंतर तुमच्याही हातीं विषयांची यादी पडेल. गुणांचा व नोकरीचा विचार अवश्य करा. पोटाचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. परंतु जेथें दोन जागा मोकळ्या असतील, तेथें एक आपल्या मनांतील प्रश्नासाठीं व दुसरी अनोळखी जगासाठीं राखून ठेवा.