रिटर्न तिकीट

विरारहून डोंबिवलीला जायचं तर आपण काय करतो? वेस्टर्नची गाडी पकडतो, दादरला उतरतो, पूल ओलांडून सेंट्रलची गाडी धरतो. नेटवर्कच्या भाषेत वेस्टर्न एक सबनेट, सेंट्रल दुसरं आणि दादर म्हणजे राउटर!

फुलपाड्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये असंच एक ‘दादर’ होतं. दोन नेटवर्क कार्डांचा जुना पीसी. एक कार्ड बाहेरच्या खोलीच्या १९२.१६८.० मध्ये, दुसरं आतल्या खोलीच्या १९२.१६८.५ मध्ये. प्रोजेक्टचा सर्व्हर बाहेर, क्लायंट आत, डेमो दुसऱ्या दिवशी. आणि पिंग केलं की एकच उत्तर : ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’!

सर्व्हर ज्याने लिहिला तो बिचारा सांगून थकला, “अरे, चालू आहे!” पण ग्रुपमध्ये कुजबुज सुरू झालीच. याचा भाग उद्या वगळू या म्हणून.

पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. नाव घेतलं सोनारवरून. आवाज पाठवायचा, प्रतिध्वनी ऐकायचा. पण प्रतिध्वनी आला नाही, तर गडबड जाताना झाली की येताना, हे पिंग सांगत नाही.

आतून मधल्या पीसीची दोन्ही कार्डं उत्तर देत होती. त्यापुढे मात्र सामसूम. मग मी सर्व्हरवरच वायरशार्क लावलं. बघतो तर काय, आमची प्रत्येक हाक पोचत होती आणि सर्व्हर प्रत्येक हाकेला ओ देत होता!

उत्तर मग जात कुठे होतं? सर्व्हरचा डीफॉल्ट गेटवे म्हणजे इंटरनेटचा राउटर. १९२.१६८.५ कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो उत्तर सरळ बाहेर, इंटरनेटकडे ढकलायचा. आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ प्रमाणे खासगी, बाहेर त्यांना कोण विचारतो? विरारला परतणाऱ्या माणसाला दादरला उतरायचं ठाऊकच नाही, असा प्रकार!

उपाय एका ओळीचा. राउटरमध्ये स्टॅटिक रूट टाकला : १९२.१६८.५.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे मधला पीसी. लगेच उत्तरं धडाधड यायला लागली. डेमो झाला, सर्व्हरवाल्याच्या भागासकट.

तेव्हा मंडळी, समोरून उत्तर आलं नाही म्हणून समोरच्याला बाद करू नका. आधी त्याचं रिटर्न तिकीट तपासा!