पोळ्या मिळतील

सदाशिव पेठेत शास्त्री रस्त्याच्या अलीकडे आमची खानावळ आहे. सासूबाईंनी सुरू केली, आता मी आणि हे चालवतो. मुलं तिला मेस म्हणतात. बीड, नांदेड, लातूर, यवतमाळकडून स्पर्धा परीक्षांच्या तयारीला आलेली मुलंमुली हीच आमची गिऱ्हाइकं. महिन्याचे पैसे आधी भरायचे, दोन वेळा जेवायचं, गावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगायचं म्हणजे खाडा धरला जातो. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. या धंद्यात एका ताटामागे सुटणारा पैसा फार थोडा असतो. उद्या साधारण तेवढीच माणसं जेवायला येणार, या भरवशावर सगळं चालतं. किती कणीक भिजवायची, किती डाळ लावायची हे ठरलेलं असतं, म्हणून वाया काही जात नाही. २०२० च्या मार्चमध्ये नेमका तो भरवसाच गेला.

कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले. तरी मुलं लगेच गेली नाहीत, कारण राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिलला होती. मग अभ्यासिका बंद झाल्या, परीक्षा पुढे गेली, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला. ज्यांना गाडी मिळाली ती मुलं निघाली. २५ मार्चपासून सगळं बंद झालं तेव्हा उरलेली मुलं खोल्यांवर अडकली. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाकडे गॅस नसतो, भांडी नसतात, मालकाची स्वयंपाकाला परवानगीही नसते. त्यांचे फोन यायला लागले, ‘काकू, मेस चालू आहे ना?’ आमच्या चुली विझल्या नाहीत त्या या फोनांमुळे. धंद्याचा विचार नंतर आला.

बसून जेवणं बंद, पार्सल आणि घरपोच चालू, असा नियम होता. ऐकायला सोपा वाटतो. पण खानावळीचं जेवण ताटात वाढण्यासाठी बनलेलं असतं, डब्यात भरण्यासाठी नाही. हे मला तोवर इतकं कळलं नव्हतं. तव्यावरची पोळी गरम असताना डब्यात घातली की वाफ धरते, अर्ध्या तासात खालच्या पोळ्या ओल्या होतात आणि वरच्या चिवट. बटाटा रस्सा पितो. भाजी घरी पोचेपर्यंत कोरडी होऊन बसते. कोशिंबिरीला पाणी सुटतं. भेंडी मऊ पडते. पापडाचं तर नावच नको. पहिल्या आठवड्यात मुलं काही बोलली नाहीत, त्यांना मिळतंय हेच खूप होतं. पण एक डबा मी स्वतः दोन तासांनी उघडून जेवले आणि ह्यांना म्हटलं, हे असं चालायचं नाही.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो. पोळ्या टोपलीत सुती फडक्यावर सुट्या पसरून निवू द्यायच्या, तेलाचं बोट फिरवायचं, मग चवड करून बटर पेपरात गुंडाळायच्या. बटाट्याच्या रश्श्याची जागा मटकी, चवळी, हरभऱ्याच्या उसळींनी घेतली. उसळ डब्यात मुरते आणि उलट बरी लागते. भेंडीऐवजी गवार, कोबी, फरसबी. कोशिंबीर गेली, तिच्या जागी शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी आली. भात आणि आमटी वेगवेगळ्या डब्यांत. सासूबाईंनी उन्हाळ्याचे सांडगे घातलेलेच होते, ते तळून कागदाच्या पुडीत देऊ लागलो. बाहेर भाजीची पंचाईत होती, मार्केट यार्ड मध्यंतरी बरेच दिवस बंदच होतं, त्यामुळे कडधान्यावर येणं सोयीचंही पडलं. आज मागे बघते तेव्हा वाटतं, निम्मं काम या फेरबदलांनी केलं. नुसतं पार्सल चालू केलं म्हणून कुठलंही हॉटेल तगलं नसेल. पदार्थच बदलावे लागले असतील.

पण अडकलेली मुलं किती, आणि त्यांच्यावर दुकानाचं भाडं कुठून निघणार? मेमध्ये श्रमिक गाड्या सुरू झाल्या, जिल्ह्याबाहेर जायला पास मिळू लागले, तशी तीही गेली. आमच्याकडे भांडी घासणारी दोन मुलं बिहारची होती. तीही गेली, आणि जाऊ नका असं म्हणायची मला हिंमत झाली नाही.

त्याच सुमारास पलीकडच्या सोसायटीतून एका आजींचा फोन आला. त्यांच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना सोसायटीने आत सोडणं बंद केलं होतं. आजी म्हणाल्या, ‘भाजी-आमटी मी करते गं, पण पोळ्या लाटायला हात चालत नाहीत. दहा पोळ्या मिळतील का?’ पेठांमध्ये अशी घरं किती आहेत, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मुलं अमेरिकेत किंवा बाणेर-बावधनला, आणि इथे वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दोघं म्हातारी माणसं. पोळीवाल्या बाईंवर त्यांचा दिवस चालतो. आजींनी आणखी चौघींना सांगितलं. ह्यांनी पुठ्ठ्यावर ‘पोळ्या मिळतील’ असं लिहून शटरला लावलं. पोळी तेव्हा सात रुपये. तिथून आमचा धंदा पुन्हा सुरू झाला असं मी धरते.

आमच्या पोळीवाल्या मावशी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहतात. वस्ती सील झाली की त्यांना येता येत नसे. तेव्हा मी, सासूबाई आणि हे मिळून पोळ्या लाटायचो. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लाटणं हातात धरलं आणि जुलैच्या १४ ते २३ तारखांच्या लॉकडाऊनपर्यंत त्यांची पोळी खरोखर गोल व्हायला लागली होती. मावशी घरी असताना त्यांना अर्धा पगार देत होतो. त्यापेक्षा जास्त जमत नव्हतं आणि त्यापेक्षा कमी देणं बरोबर नव्हतं. परत आल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, मला आता पोळीमागे द्या. त्यात त्यांना पगारापेक्षा जास्त सुटू लागलं.

त्या दिवसांत जो तो सांगायचा, अ‍ॅपवर जा. गेलो. फूड लायसन होतंच, बाकी कागद दिले, फोटो काढले, मेन्यू चढवला. शंभर रुपयांच्या थाळीतले पंचवीसच्या आसपास कमिशनमध्ये जायचे, त्यावर कर वेगळा. डबे, पिशवी, चमचा मिळून दहा-बारा. उरलेल्या साठ-बासष्टात धान्य, तेल, गॅस, मजुरी, भाडं. शिवाय यादीत वर यायचं असेल तर सवलत द्या म्हणून अ‍ॅपवाले मागे लागायचे. ज्याची बिर्याणी तीनशेला जाते त्याला हे परवडत असेल. खानावळीच्या थाळीत एवढी जागाच नसते. आम्ही लवकरच बाहेर पडलो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एकेका सोसायटीचा ग्रुप केला. रात्री नऊला उद्याच्या भाज्या टाकायच्या, सकाळी आठपर्यंत ज्याने त्याने आकडा सांगायचा. हे अ‍ॅक्टिव्हावर डबे पोचवायचे. आदल्या रात्री आकडा कळायला लागला, आणि किती कणीक भिजवायची याचं उत्तर पुन्हा हाताशी आलं. खानावळीला काय हवं असतं ते मला तेव्हा नीट समजलं.

जागेच्या मालकांनी काही महिने अर्धं भाडं घेतलं, हे त्यांचे उपकार. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलता आले, पण व्याज चालूच राहिलं, त्यामुळे ती सवलत म्हणजे नुसती उसंत होती. गेलेल्या मुलांचे मार्चचे उरलेले पैसे होते, ते आम्ही जमेल तसे परत पाठवले. काहींनी घेतले, काहींनी ‘राहू द्या काकू, परत आल्यावर जेवेन’ म्हणून सांगितलं. आणि बहुतेक सगळी आलीसुद्धा. एका मुलाच्या वडिलांनी बीडजवळच्या गावाहून फोन करून विचारलं होतं, पोराचं काही देणं राहिलंय का. राहिलं नव्हतं. पण त्या माणसाची सोयाबीन तेव्हा पावसात गेली होती, हे मला माहीत होतं.

५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेने हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली. आमच्या पुढच्या चौकातलं एक जुनं अमृततुल्य तेव्हा उघडलं नाही, नंतरही नाही. आम्ही निम्मी टेबलं उचलून भिंतीला लावली, पण बसायला मुलं कुठे होती? परीक्षा पुन्हा पुढे गेली होती. मुलं हळूहळू परतली ती हिवाळ्यात, आणि ११ मार्च २०२१ ला तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुन्हा लांबली म्हणून रस्त्यावर उतरली. ती घोषणा ऐकताना मी दुपारची भांडी आवरत होते. त्या रात्री सगळी उशिरा जेवायला आली, कुणी नीट जेवलं नाही. परीक्षा २१ तारखेला झाली आणि पंधरा दिवसांत पुन्हा कडक निर्बंध लागले. पुन्हा पार्सल.

दुसरी लाट आमच्यासाठी पहिलीपेक्षा वेगळी होती. या वेळी काय शिजवायचं, कसं भरायचं, कुणाला पोचवायचं हे सगळं बसलेलं होतं. धंदा म्हणाल तर चालला. पण डबे जायचे ते आजारी घरांत. घरंच्या घरं पॉझिटिव्ह, कुणीच ओट्याशी उभं राहू शकत नाही. सासूबाईंनी यादी बदलली: मऊ मुगाची खिचडी, भाताची पेज, लसूण-मिऱ्याचं सार, दुधीची भाजी. डबा दाराच्या कडीला अडकवायचा, बेल वाजवायची आणि खाली यायचं. ह्यांच्या फोनवर आकडे यायचे. नारायण पेठेतलं एक घर पोळ्यांच्या दिवसांपासून आमच्याकडे होतं, रोज दोन डबे. एप्रिलच्या अखेरीस त्यांचा निरोप आठ दिवस आला नाही. मग मुलीचा मेसेज आला, उद्यापासून एक डबा द्या, तिखट कमी. मी तो वाचून ह्यांना फोन परत दिला. आम्ही काही बोललो नाही, ह्यांनी एक डबा भरला. त्या काकांना तिखट लागत नसे, काकूंना लागायचं, हे आम्हाला एवढ्या महिन्यांत माहीत झालेलं होतं.

एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. त्या एप्रिलमध्ये सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षावाले यांना प्रत्येकी १५०० रुपये जाहीर केले. रक्कम लहान असली तरी आधार होता. शिवभोजन थाळीही मोफत केली, आणि त्याने कितीजणांचं पोट भरलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण खानावळीत पोळ्या लाटणारी बाई, हॉटेलात मोरीवर भांडी घासणारा पोरगा, टेबल पुसणारा माणूस यांतल्या कुठल्याच यादीत बसत नव्हते. त्यांची नोंदणी नव्हती, मंडळ नव्हतं. हॉटेलं बंद ठेवा म्हणताना त्यांचाच रोजगार आधी जातो. उद्या पुन्हा असं काही आलं तर त्यांचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं एवढं मला मनापासून वाटतं. मावशींसाठी मी तेव्हा महापालिकेत चौकशी केली, त्यांचं नाव कुठल्याच यादीत घालता येईना.

निर्बंध एप्रिल २०२२ मध्ये गुढीपाडव्याला पूर्ण उठले. त्या रविवारी फीस्टला श्रीखंड केलं. तोवर तेल एवढं महागलं होतं की महिन्याचे पैसे वाढवावे लागले, मुलांना ते जड गेलं, दोघंतिघं एकवेळच्या डब्यावर आली. भिंतीला लावलेली टेबलं आम्ही परत मांडली नाहीत. तिथे आता पोळ्यांचा ओटा आहे, दोन मोठे तवे, आणि मावशींबरोबर त्यांची सून. सोसायट्यांचे ग्रुप चालू आहेत. खानावळीत बसून जेवणारी मुलं पूर्वीपेक्षा कमी आणि बाहेर जाणाऱ्या पोळ्या जास्त, असं आमचं गणित आता कायमचं झालंय.